अंबिकेचा मुलगा, कन्नडचा कवी

कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांचा विषय निघाला, की मराठी माणसांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘अहो, ते तर मूळचे मराठीच!’ माहिती खरी आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर बेंद्रे हातून निसटतात.

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाडच्या एका चित्पावन कुटुंबात झाला. घरची भाषा मराठी. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि तिथल्या सुशिक्षितांत मराठीचे वजन मोठे होते. कन्नडला तिचे स्थान मिळावे म्हणून १८९० मध्ये तिथे कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१८ मध्ये पदवी घेऊन बेंद्रे धारवाडला परतले. मराठीत लिहिणे त्यांना जड नव्हते. पुढे ‘संवाद’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलेही. कविता मात्र कन्नडमध्ये, आणि तीही पंडिती नव्हे. धारवाडी बोली तिच्या हेलासकट, लोकगीतांच्या ठेक्यासकट त्यांनी काव्यात आणली.

त्यांचे टोपणनाव ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. वडिलांचे छत्र लवकर हरपलेल्या या कवीने कन्नड कवितेखाली आपल्या मराठी आईचे नाव लिहिले. यात विसंगती दिसते खरी. पण बेंद्र्यांच्या काव्यविचारात माता एकच नाही : जन्मदात्री, कन्नड, भारत, पृथ्वी आणि विश्वमाता अशा पाच माता आहेत. एकीचे ऋण मानल्याने दुसरीचे नाते तुटत नाही. भाषा घरातून मिळते, तशी गावातूनही मिळते.

म्हणूनच १९४४ ते १९५६ या काळात सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवताना त्यांना परके वाटण्याचे कारण नव्हते. ‘अरळु मरळु’साठी १९५८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार आणि ‘नाकु तंती’साठी, म्हणजे ‘चार तारां’साठी, १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. ऑक्टोबर १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी दीर्घकाळ इंग्रजी शिकवत होते आणि कथा मराठीत लिहीत होते. एका गावाने दोन भाषांना दोन मोठे लेखक दिले. त्यात आपला कोण आणि त्यांचा कोण, हा हिशेब सीमेवरच्या माणसाला लागू पडत नाही. बेंद्र्यांवर हक्क सांगण्याआधी आपण त्यांची कविता वाचायला हवी, निदान अनुवादातून तरी.