पत्रा इथला, शेअर कोणाचा?

वासिंदला 1982 साली जिंदालचा पत्र्याचा कारखाना आला, तेव्हा शहापूर तालुक्यात कंपनी म्हणजे पाळी आणि पगार. ‘पोरगा जिंदालला लागला’ एवढ्यावर सोयरीक जुळायची. त्याच कंपनीचा शेअरही घेता येतो, हे घरात कोण सांगणार? दलाल मुंबईच्या फोर्टात, अर्ज इंग्रजीत.

त्या काळी कुठल्याही कंपनीचा शेअर म्हणजे जाड कागदाचं प्रमाणपत्र. पुढे फोलिओ नंबर, मागे हस्तांतराच्या नोंदी. विकायचा तर फॉर्मवर तिकिटं चिकटवून पोस्टाने पाठवायचा. सही जुळली नाही की कागद परत. डिबेंचर, म्हणजे कंपनीला दिलेलं कर्ज, त्या मानाने सोपं. ठरलेलं व्याज, मुदत भरली की मुद्दल. नोकरदाराला ते बँकेच्या ठेवीसारखंच वाटे, आणि धोका तिथेच होता. कंपनी अडचणीत आली तर डिबेंचरवाल्याचा हक्क शेअरवाल्याच्या आधी, हे खरं. पण पैसे मिळतीलच याची हमी ठेवीइतकीही नाही.

2005 मध्ये वासिंदची जिंदाल आयर्न अँड स्टील जिंदालच्याच विजयनगरच्या कंपनीत विलीन होऊन जेएसडब्ल्यू स्टील झाली. 2017 मध्ये तिच्या 10 रुपयांच्या शेअरचे 1 रुपयाचे दहा शेअर झाले. वासिंदचा कारखाना आता तिच्या उपकंपनीकडे आहे.

मुरबाडची गोष्ट मला जास्त लागते. ड्रमची झाकणं आणि मचाणांचे पाइप बनवणारी, सराफ बंधूंची टेक्नोक्राफ्ट 2007 मध्ये 105 रुपयांनी बाजारात आली. शंभर शेअरना 10,500 रुपये. 2008 च्या पडझडीत भाव इश्यूच्या किमतीच्या पार खाली गेला. पण 2024 मध्ये तो दोन हजारांवर होता. ही वाढ कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या किती घरांत पोचली? माझ्या पाहण्यात फार थोड्या. समृद्धी महामार्गासाठी गेलेल्या जमिनीचा पैसा शहापुरात आला, तोही बंगल्यात आणि गाड्यांत गेला. याचा दोष मी शेतकऱ्याला देत नाही. ताळेबंद मराठीत समजावून सांगणारं त्याला कुणी भेटलंच नाही.

घरात जुनी प्रमाणपत्रं असतील तर आजच काढा. एप्रिल 2019 पासून कागदी शेअरचं नेहमीचं हस्तांतर बंद आहे, आणि सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीकडे जातात. तिथून ते अर्ज करून परत मिळतात. वारसांनीही अर्ज करावा.