इंद्री आणि चकोत्री

बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत कान्हेरीच्या लेण्यांकडे सकाळच्या वेळीं जाणाऱ्यास कधीं कधीं झुडपाखालीं पाचोळा उकरल्याचा आवाज येतो; पाहूं जावें तों तांबूस पिसांचा, लहानशा कोंबडीएवढा पक्षी पळत जाळींत शिरलेला असतो. हीच चकोत्री. दाराशीं राहणाऱ्या या पक्ष्याचा शास्त्रांतील प्रवेश मात्र मोठ्या आडवाटेनें झाला. सोनेरा या फ्रेंच प्रवाशाच्या १७८२ सालच्या ग्रंथांत तिला चक्क ‘मादागास्करचा तांबडा तित्तिर’ म्हटलें आहे! त्याच ग्रंथांत त्या बेटावरील इंद्री नांवाच्या लेमूराचेंही वर्णन आहे. पुढें ग्मेलिन या जर्मन पंडितानें इंद्रीस १७८८ त व चकोत्रीस १७८९ त लॅटिन नांवें दिलीं.

इंद्री वानरगणांतला. शेपूट जवळजवळ नाहींच, अंगावर काळेपांढरे केंस, आणि सकाळीं सारें कुटुंब मिळून गातें. माकडांपेक्षां दक्षिण भारतांतील लाजाळू लोरिसच त्याचा अधिक जवळचा भाऊबंद. चकोत्री मोर-कोंबड्यांच्या कुळांतली. तिच्या लॅटिन जातिनामाचा अर्थ ‘कोंबडा-तित्तिर’ असा असला, तरी अलीकडच्या आनुवंशिक तपासणींत ती खऱ्या तित्तिरांपासून बरीच दूरची ठरली आहे.

जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या तांबड्या यादींत इंद्री ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. २०२० सालच्या नोंदींप्रमाणें लेमूरांच्या १०७ जातींपैकीं १०३ संकटांत होत्या. कारण आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. पूर्वीं आपल्याकडे कुमरीसाठीं करीत त्याप्रमाणें तेथें रान तोडून, जाळून भात पेरतात. आणि इंद्रीची मादी दोन-तीन वर्षांनीं एकच पिल्लूं देते. पिंजऱ्यांत तो जगत नाहीं, म्हणून प्राणिसंग्रहालयांचाही आधार नाहीं.

चकोत्री त्याच यादींत चिंतेचें कारण नसलेल्या वर्गांत आहे. हें समाधानाचें खरें. पण ती गणना साऱ्या देशाची, बोरीवलीच्या सुमारें १०४ चौरस किलोमीटरांची नव्हे. उडण्यापेक्षां पळण्यावर भिस्त असलेला हा पक्षी मुलुंड, ठाणें, बोरीवली येथील इमारतींनीं वेढलेल्या या रानांतून दुसऱ्या रानांत सहज जाईल असें मला वाटत नाहीं. जमिनीवर खळगा करून ती तीन ते पांच अंडीं घालते. विणीचा हंगाम बहुधा पावसाळ्यापूर्वींचा, म्हणजे रान वाळलेलें असतें तेव्हांचा. आणि सहलीस येणाऱ्या मंडळींनीं टाकलेल्या अन्नावर पोसलेलीं मोकाट कुत्रीं त्याच दिवसांत त्या पाचोळ्यांतून हिंडत असतात.