फोन काढून घेण्याआधी

गोंदिया जिल्ह्यातलं बोदलकसा म्हटलं की पक्षीप्रेमींना तिथला जुना तलाव आणि नागझिऱ्याचं जंगल आठवतं. तिरोडा तालुक्यातल्या अशा जंगलालगतच्या गावात पंधरा वर्षांच्या मुलीची संध्याकाळ कशी जात असेल, याचा विचार फारसा कुणी करत नाही. दिवे लागायच्या आत तिनं घरी यायचं. बिबट्याची भीती असतेच, पण लोकांच्या बोलण्याची त्याहून जास्त. भाऊ तेवढ्यात पानठेल्याजवळ मित्रांत रमलेला असतो. घरातला फोन वडिलांच्या नाहीतर भावाच्या खिशात. जेवणं, भांडी आटोपून तो तिच्या हाती येतो, तोवर वर्गाच्या ग्रुपवरचं बोलणं संपलेलं असतं.

शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’ २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण १९.८ टक्के.

फोन हाती नसला की मैत्रिणींची सोबतही दुरावते. हवी तशी सोबत मिळत नाही ही बोच म्हणजे एकटेपणा. भरल्या घरातही तो असतो. मेंदू-संशोधक लिव्हिया टोमोव्हा आणि सहकाऱ्यांनी ४० प्रौढांना दहा तास माणसांपासून आणि फोनपासूनही दूर ठेवलं. त्यानंतर एकत्र हसणाऱ्या-खेळणाऱ्या माणसांची चित्रं पाहताना त्यांच्या मध्यमेंदूचा जो भाग चेतला, तोच भाग उपाशी माणसाला अन्न दिसलं की चेततो. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं. सोबतीची भूक अशी शरीरातलीच आहे.

फोन ही भूक भागवतो का? कधी भागवतो, कधी वाढवतो. ब्रिटनमधल्या २०२२ च्या एका अभ्यासात समाजमाध्यमांचा वाढता वापर आणि वर्षभरानं घटलेलं समाधान यांचा संबंध मुलींमध्ये ११ ते १३ व्या वर्षी दिसला, मुलांमध्ये १४-१५ व्या. संबंध सौम्य होता आणि त्यावरून कारण सिद्ध होत नाही. तरी मुलींचं नाजूक वय आधी येतं, हे पालकांनी ध्यानात ठेवावं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदी केली. गावाची काळजी खरी होती. पण बंदीचा भार सारखा पडत नाही असं मला वाटतं. मुलाला चौक उरतो. मुलीची मैत्रिणींशी बोलायची उरलीसुरली वाटही बंद होते.

म्हणून असा ठराव तुमच्या ग्रामसभेपुढे आला, तर मुलींना खेळायला मैदान कुठलं आणि संध्याकाळी एकत्र बसायला उजेडाची खोली कुठली, हे आधी ठरवा. आणि ते मुलींनाच विचारून ठरवा.