पत्र्याचा खडखडाट कमी करताना

आमच्या बचत गटाची जुनी व्हॅन शाळेची मुलं ने-आण करते. मागे एखादं लेकरू रडलं, तरी खडखडाटात पुढे ऐकू येत नसे. म्हणून आम्ही आतून आवाज कमी करणारा लेप लावला.

आधी पत्र्यावर टिचकी मारा. ‘टण्‌’ वाजला, तर तो चालत्या गाडीत थरथरतो. हा लेप वाळल्यावरही थोडा लवचीक राहतो आणि थरथर स्वतःत जिरवतो. मग ‘थप्‌’ वाजतं.

सीट, कार्पेट काढून पत्रा धुवा. गंज खरवडून प्रायमर लावा, तेलकटपणा पुसा. मग ब्रशने पातळ थर द्या. तो वाळला की दुसरा. एकदम जाड लावलात, तर वरून साय धरते, आत ओलंच राहतं. पावसाळी दमट हवेत वाळायला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यात, दारं उघडी ठेवून काम करा. गच्चीचं डांबर मात्र नको, उन्हात गाडीभर वास सुटतो.

आमची चूक सांगतो. दाराच्या तळाची बारीक भोकं आम्ही लेपाने बुजवली. काचेलगत आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथूनच निघतं. ते साचलं आणि दार गंजलं. तुम्ही भोकांवर, वायरिंगवर आधी चिकटपट्टी लावा.

फटीतून येणारा वाऱ्याचा आवाज लेपाने जात नाही, त्यासाठी दाराचं रबर बघा. पण आता मागून आलेली “काकू, थांबा ना!” ही हाक आम्हाला ऐकू येते.