स्वादुपिंड : पचनातील कार्य व कार्यलोपाचे परिणाम

प्रस्तावना :
पचन म्हटले की सर्वसामान्यपणे जठराचा विचार केला जातो. प्रत्यक्षात पिष्टमय पदार्थ, प्रथिने व स्निग्ध पदार्थ या तिन्हींच्या पचनाचा मोठा भार जठरामागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडावर असतो. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे प्रयोगांनी दाखवून दिले.

कार्य :
स्वादुपिंड ही मिश्र ग्रंथी आहे. तिच्यातील लँगरहान्सची द्वीपके इन्शुलिन व ग्लुकागॉन ही संप्रेरके रक्तात सोडतात. उर्वरित बहुतांश भाग पाचकरस निर्माण करतो. हा रस दररोज एक लिटरहून अधिक प्रमाणात लहान आतड्याच्या प्रारंभीच्या भागात येतो. त्यातील बायकार्बोनेट जठरातून आलेल्या अन्नाची आम्लता कमी करते व विकरांना अनुकूल स्थिती निर्माण होते. अमायलेज पिष्टाचे, ट्रिप्सिन प्रथिनांचे, तर लायपेज पित्तरसाच्या साहाय्याने स्निग्ध पदार्थांचे विघटन करते. आतड्यात आम्ल पोहोचताच त्याच्या अस्तरातून सिक्रेटिन स्रवते व स्वादुपिंडास उद्दीपित करते, हे बेलिस व स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये सिद्ध केले.

ट्रिप्सिन ग्रंथीत निष्क्रिय ट्रिप्सिनोजेनच्या रूपात असते व आतड्यात पोहोचल्यावरच कार्यक्षम होते. त्यामुळे ग्रंथी स्वतःच्या रसापासून सुरक्षित राहते.

कार्यातील बिघाड :
पित्ताशयातील खडे, अतिमद्यपान इत्यादी कारणांनी ही विकरे ग्रंथीतच कार्यक्षम झाल्यास ती ग्रंथीचेच पचन करू लागतात. हाच तीव्र स्वादुपिंडदाह होय. पोटाच्या वरच्या भागात उद्भवून पाठीकडे जाणारी असह्य वेदना व उलट्या ही त्याची लक्षणे असून, तातडीने रुग्णालयीन उपचार आवश्यक ठरतात.

दीर्घकालीन दाहात ग्रंथी हळूहळू तंतुमय होते. केरळमध्ये मद्यपान न करणाऱ्या तरुणांतही ग्रंथीत खडे होऊन मधुमेह जडल्याचे आढळले आहे. विकरांचे प्रमाण सामान्याच्या सुमारे १० टक्क्यांखाली गेल्यावर अपचन उघड होते. म्हणजे लक्षणे दिसेपर्यंत मोठी हानी झालेली असते. पिष्टाच्या पचनास लाळेचे व प्रथिनांच्या पचनास जठररसाचे काही साहाय्य मिळते. स्निग्ध पदार्थांना तसा समर्थ पर्याय नाही. परिणामी मल तेलकट, दुर्गंधीयुक्त होतो, वजन घटते आणि अ, ड, ई व के या जीवनसत्त्वांची उणीव निर्माण होते. रुग्ण पोटभर जेवूनही उपाशीच राहतो.

उपचार :
विकरयुक्त कॅप्सूल जेवणासोबतच घ्याव्या लागतात. रिकाम्या पोटी त्यांचा उपयोग होत नाही. मद्य व तंबाखू पूर्णतः वर्ज्य करणे, जीवनसत्त्वे घेणे व रक्तशर्करेची नियमित तपासणी करणे आवश्यक असते.

समारोप :
नष्ट झालेली ग्रंथी पूर्ववत होत नाही. परंतु तिच्या विकरांची उणीव बाहेरून भरून काढता येते. म्हणून तेलकट मल व घटते वजन यांना साधे अपचन समजून घरगुती उपायांत काळ न दवडता वेळीच निदान करून घेणे हिताचे ठरते.