वाराणसीत उन्हाळ्यापूर्वीच पाण्याची कसोटी

होळी सरली की वाराणसीत गंगेची पातळी खालावू लागते आणि शहराच्या पाणीपुरवठ्याची कसोटी सुरू होते. भदैनी इथल्या पंपांद्वारे उचललेले नदीचे पाणी भेलूपूरच्या, १८९२ साली सुरू झालेल्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. पातळी फार घटल्यास पंपांना पुरेसे पाणी मिळत नाही आणि घरोघरच्या नळांना कमी दाबाने पाणी येते.

दुसरा प्रश्न शुद्धतेचा. असी नाला भदैनीच्या वरच्या बाजूस गंगेला मिळतो. प्रवाह रोडावल्यावर सांडपाण्याचे प्रमाण वाढते. या भागातील सांडपाण्यासाठी रमणा इथे प्रतिदिन ५ कोटी लिटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र उभारण्यात आले आहे. सांडपाणी नदीऐवजी या केंद्राकडे वळवणे, हे पिण्याच्या पाण्याचेही रक्षण ठरते.