अ‍ॅटलस पतंग आणि आपल्या अंगणातला दिवा

पावसाळ्यात खानापूर, आंबोली, चोर्ला घाट किंवा गोव्यातील सत्तरी भागात कधीतरी घराच्या भिंतीवर वीतभर पंखांचा, विटकरी रंगाचा जीव बसलेला दिसतो आणि सारी आळी गोळा होते. हा अ‍ॅटलस पतंग. पंखांचा विस्तार सुमारे २४ सेंटिमीटर, पंखांवर पारदर्शक तिकोनी खिडक्या आणि पुढच्या पंखांची टोके सापाच्या तोंडासारखी. सह्याद्रीतली याची जात दक्षिण भारत आणि श्रीलंका एवढ्यापुरतीच आहे.

"डॉक्टर, हा विषारी आहे का?" असे मला विचारतात. नाही. चावायला त्याला तोंडच नाही. सुरवंट असताना दालचिनी, पेरू, लिंबू अशा झाडांची पाने तो महिनाभर खातो, मग कोश विणतो. कोशातून बाहेर पडल्यावर मात्र अन्नाचा कण नाही. साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम एक-दोन आठवडे जगतो.

तेवढ्या रात्रींत एकच काम उरकायचे असते. मादी अंधारात बसून गंध सोडते, नर पिसांसारख्या मिशांनी तो टिपत दूरवरून येतो. वाटेत आपला विजेचा दिवा लागला की तो तिथेच घुटमळतो. शक्ती खर्च होते, ती भरून काढायला खाणे नाही. सकाळी कावळा टपलेलाच. आपल्याला जे दर्शन वाटते, ती त्याची वाया गेलेली रात्र असते.

आम्हा जैनांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याची रीत आहे. दिव्यावर झेपावणारे जीव वाचावेत, हेही तिचे एक कारण. पण ती रीत पाळणाऱ्या घरांच्या अंगणातही आज रात्रभर दिवा जळतो.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंताला राज्य फुलपाखराचा मान दिला. पतंगांच्या वाट्याला असे कौतुक येत नाही. त्यांना हवे आहे ते आपल्या हातातले आहे. पावसाळ्यात निजताना बाहेरचा दिवा मालवा. लागतच असेल तर मंद, पिवळा आणि खाली झुकलेला ठेवा. परसातली, बांधावरची जुनी झाडे राखा, त्यांवर फवारणी टाळा. पानात गुंडाळलेला कोश दिसला तर कचऱ्याबरोबर जाळू नका. आणि पतंग भिंतीवर बसलाच, तर फोटोसाठी त्याला हात लावू नका. दिवसभर बसू द्या. अंधार पडला की तो आपल्या वाटेने जाईल. त्या रात्री दिवा मात्र बंद असू द्या.